न बिघडलेली जीप

येळवशीच्या सकाळी माळावर धुई उतरली होती. हॉस्टेलवरची पाण्याची टाकी अर्धीच दिसत होती आणि हमरस्त्यावरच्या ट्रका नुसत्या आवाजावरनं कळत होत्या. गारठा असा, की बंबात घातलेल्या तुराट्याही पेटायला कुरकुरत होत्या. सिद्धलिंग सर उकिडवे बसून फुंकणी फुंकत होते. डोळ्यांत धूर, कानटोपीवर राख आणि मागं खांद्यावर टॉवेल टाकून कुडकुडणारी पोरं. वसतिगृहाच्या रेक्टरनं बंब पेटवायचा नसतो, त्याला शिपाई असतो. पण शिपाई कालच गावाकडं गेला होता. येळवशीला कोण थांबणार?

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. धाराशिवच्या ह्या सीमेकडच्या भागात त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं माणसांनी भरतात. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप घालायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पुजायचे. मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि गाडग्यातली गार आंबील. भज्जी म्हणजे तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे कवळे दाणे आणि रानात हाताला लागेल ती भाजी, बेसनात नि चिंचेत शिजवलेली. ह्या सणाला आवतण नसतं. बांधावरनं जाणारा दिसला की हाळी घालायची, आणि हाळी ऐकली की जाणाऱ्यानं वाट मोडून आत यायचं. नाव नंतर विचारायचं, आधी आंबील द्यायची. मुसलमानांची रानं असोत, लिंगायतांची असोत, मराठ्यांची असोत, भज्जी सगळीकडं एकच.

हे सरांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ते ह्याच आंबिलीवर वाढले होते.

सर अणदूरचे. घरात आईशी कन्नड, गल्लीत दखनी, शाळेत मराठी. तिन्ही भाषांत त्यांना भांडता यायचं आणि तिन्हींत समजूत काढता यायची. वडील आडतीवर हमाल होते, गुंठाभरही रान नव्हतं. येळवशीला वडील धुतलेलं धोतर नेसायचे, पोराचं बोट धरायचे आणि रस्त्यानं चालायला लागायचे. रानांकडं बघायचे न्हाईत. मान सरळ, जणू पुढच्या गावाला काही काम निघालंय. कुणीतरी हाळी घातली की तेवढ्यापुरतं थांबायचे, म्हणायचे, "न्हाय ओ, सहज निघालोय." दुसरी हाळी आली की मग वळायचे. त्या दोन हाळ्यांच्या मधला वेळ सरांच्या ध्यानात पक्का बसला होता. दुसरी हाळी आलीच न्हाय तर, ह्या विचारानं ते तेवढ्यात वडिलांचं बोट घट्ट धरायचे.

नोकरी लागल्यावर सरांनी रान घेतलं ते रस्त्याला खेटून. पाणी न्हाय, माती हलकी, वर सगळ्या येणाऱ्याजाणाऱ्यांची गुरं पिकात शिरणार. लोक हसले. पण सरांना रस्ताच पाहिजे होता. दर येळवशीला ते बांधावर उभं राहून टॉवेल हलवत हाळ्या घालायचे. ट्रकवाले, मोटारसायकलवाले, एकदा तर वऱ्हाडाची अख्खी बस आत आली. बायको उमादेवी चुलीपाशी घामाघूम होऊन म्हणायची, तुमी रान न्हाय, ढाबा घेतलाय. पण म्हणताना तिचाही हात सैल असायचा.

असा माणूस हॉस्टेलला रेक्टर म्हणून बसला तेव्हा मेसमध्ये त्याला पहिल्यांदा खटकली ती टेबलं. सीमेपलीकडची कन्नड बोलणारी पोरं एका टेबलावर, तांड्यावरची दुसऱ्यावर, दखनी बोलणारी खिडकीपाशी, आणि इंदूरकडची, बिहारची, आसामची अशी लांबून आलेली पोरं दाराजवळ, पाहुण्यासारखी. भांडण न्हाय, तंटा न्हाय, पण बोलणंही न्हाय. प्राचार्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं, पोरं एकमेकांत मिसळत न्हाईत, काहीतरी कार्यक्रम घ्या. सरांनी कार्यक्रम घेतला न्हाय. त्यांनी मेसमधल्या शेंगाच्या चटणीच्या सगळ्या वाट्या काढून घेतल्या आणि एकच मोठा कटोरा ठेवला. अख्ख्या मेसला एक कटोरा. चटणी सरांनी स्वतः उखळात कुटलेली, लसूण नि जिरं घालून, तेल सुटेपर्यंत. ती खाल्ल्याशिवाय आमटी-भाताला चव नव्हती, आणि ती पाहिजे असली की कुणाकडं तरी मागावी लागायची.

पहिले काही दिवस पोरं चटणीवाचून जेवली. मग आसामच्या पोरानं पहिल्यांदा हात लांब केला. मग कटोरा फिरायला लागला. मेसचा आचारी गुंडाप्पा म्हणायचा, सर, तुमचं हे लई स्वस्तातलं राजकारण हाय.

सगळ्यात उशिरा मागितली ती रिजवाननं. लोहाऱ्याचा पोरगा, दुसऱ्या वर्षाला. वडील जैनोद्दीन शेती करायचे आणि बाजाराला टेंपोनं भाजीपाला न्यायचे. पोरगा हुशार पण मान वर करून बोलायचा न्हाय. बरेच दिवस त्यानं चटणी मागितली न्हाय. सरांनी एकदा जाता जाता पाठीवर हात ठेवून सांगितलं, "माग की रे. मागितल्यानं कुणी लहान हुईत न्हाय." त्या संध्याकाळी तो उठला, दाराजवळच्या टेबलाशी गेला आणि इंदूरकडच्या मुकुलकडनं कटोरा मागून आणला. त्यानंतर मुकुल नि रिजवान एकत्र जेवायला लागले. रिजवान त्याला आपल्या दादीच्या गोष्टी सांगायचा. दात नसलेली दादी, पण जिभेनं गावाला वाकवणारी.

म्हणून येळवशीला बाहेरच्या पोरांना इथल्या पोरांच्या रानात न्यायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांत आधी रिजवान पुढं आला. ह्या पोरांना आवतणाचा रिवाज ठाऊक नव्हता, म्हणून तो स्वतः टेबलाटेबलानं फिरला. "आमच्या रानात या. अम्मी भज्जी करती, दादी कोपीत बसती." त्याच्या तोंडून एवढं लांब वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. मुकुलसकट सहाजण त्याच्याकडं जायचे ठरले. सरांनी गावच्या बिरूची काळीपिवळी जीप सांगून ठेवली. रिजवान तयारीला म्हणून आदल्या दिवशीच लोहाऱ्याला गेला.

इथपर्यंत सगळं नीट होतं. एवढं नीट, की सरांना स्वतःचं कौतुक वाटायला लागलं होतं. त्या कौतुकाची आठवणच त्यांना पुढं जास्त टोचली.

बंब पेटला. पोरं आंघोळीला गेली. गुंडाप्पा मेसला कुलूप लावून, हातात किल्ली फिरवत बंबापाशी शेकायला आला. कोण कुठं चाललंय ते विचारलं. लोहाऱ्याचं नाव आल्यावर हात चोळत म्हणाला, "रिजवानकडं व्हय? भले लोक हायत म्हणा. पण आजकाल एक फोटो पडला की खाली धा जण काय काय लिव्हत्यात. उद्या कुण्या पोराच्या बापाचा फोन आला, पोराला कुठं जेवायला घातलं म्हणून, तर जाब तुमालाच विचारत्याल."

आणि तो गेला. पान थुंकून पुढं चालावं तसा बोलून गेला. त्याच्या मनात काही नव्हतं. दुपारी तो स्वतःच्या रानात भज्जी खाऊन झोपलाही असेल.

सर मात्र तिथंच बसून राहिले. त्यांनी जैनोद्दीनच्या रानात मागं दोनदा येळवस केली होती. रिजवानच्या अम्मीच्या, गुलबानोच्या हातची भज्जी उमादेवीच्या भज्जीहून जरा आंबट, एवढाच काय तो फरक. हे ठाऊक असलेला माणूस घाबरला. कशाला घाबरला? अजून कुणी न काढलेल्या फोटोला. कुणी न केलेल्या फोनला. पोरांपैकी एकानंही नाक मुरडलं नव्हतं. सरांनी त्या सगळ्यांच्या वतीनं स्वतःच नाक मुरडलं, आणि वर मनाला सांगितलं की हे आपण पोरांसाठी करतोय. रिजवानसाठीसुद्धा. उगाच कुणी काही बोललं तर पोरगं दुखावलं जाईल.

बंबाच्या आडोशाला जाऊन त्यांनी रिजवानला फोन लावला. जीप वाटेत बिघडली म्हणाले. क्लच गेला.

पलीकडं चुलीचा, भांड्यांचा आवाज येत होता. रिजवान म्हणाला, अब्बाचा टेंपो पाठवतो. सर घाईनं म्हणाले, नको नको, सणाचा दिवस, त्यांना कशाला तरास. पुढच्या येळवशीला बघू. मग रिजवाननं सांगितलं की अम्मी पहाटेपासनं उंडे वळतेय. सर म्हणाले, तिला समजावून सांग.

"जी सर," रिजवान म्हणाला. तो नेहमी तेवढंच म्हणायचा.

आता पोरांना काही सांगणं भाग होतं. जीप तर समोरच उभी राहणार होती. मुकुल आंघोळ करून, केस ओले, नवा सदरा घालून आला. हातात गजकचा पुडा. घरनं आलेला होता, तीळगुळाचा, तोंडात विरघळणारा. दादीला दात नाहीत म्हणून मुद्दाम जपून ठेवला होता. सर त्या पुड्याकडं न बघता म्हणाले, की रिजवानची दादी रात्रीपासनं आजारी हाय, घरच्यांची धावपळ चाललीय, तेव्हा कुणी फोन करू नका. आज सगळ्यांनी अणदूरला माझ्या रानात यायचं.

मुकुलचा चेहरा उतरला. त्यानं पुडा पिशवीत ठेवला. त्यालाही दादी बघायची होती.

एका पिठाच्या दोन भाकरी थापाव्यात तसं सरांनी दोन माणसांना दोन खोटी सांगितली. आज तरी दोघांची गाठ पडणार न्हाय, एवढ्याच भरवशावर.

अणदूरच्या रानात धुई विरली आणि ऊन पडलं तेव्हा सगळं इतकं छान होतं, की सरांना खोटं पचलं असं वाटायला लागलं. पोरं कोपीभोवती आंबील शिंपडत, अर्थ कुणालाच न कळणारे जुने कन्नड शब्द ओरडत फिरली. आसामचं पोरगं सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होतं. कुणी हरभरा उपटून खात होतं. उमादेवीनं प्रत्येकाच्या पानावर दोनदा भज्जी वाढली आणि तिसऱ्यांदा दटावून वाढली. बिरू ड्रायव्हर पोटभर जेवून जीपच्या सावलीत आडवा झाला. जीप रस्त्याच्या कडेला, बांधाला लागून, सगळ्यांना दिसेल अशी उभी होती.

आणि सर, सवयीनं, बांधावर जाऊन उभे राहिले. टॉवेल हलवत रस्त्यानं जाणाऱ्यांना हाळ्या घालू लागले. दोन मोटारसायकली आत आल्या. एक बांगड्या विकणारी बाई आली. उमरग्याच्या बाजूनं एक लहान टेंपो येत होता, सावकाश, रस्त्यात थांबलेल्या प्रत्येक गाडीपाशी वेग कमी करत. उन्हात काच चमकत होती, आत कोण ते दिसेना. सरांनी दोन्ही हात वर केले.

"या, या! येळवस करून जावा."

टेंपो थांबला. दार उघडून जैनोद्दीन खाली उतरले. खांद्यावर गाडी ओढायचा जाड दोर. मागनं रिजवान उतरला आणि त्याच्यामागं हातात पान्यांची पिशवी घेतलेला एक मिस्त्री, ज्याला त्याच्याच कोपीतनं उठवून आणलं होतं.

जैनोद्दीनना हायसं वाटलेलं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी सांगितलं, की फाट्यापासनं बघत आलोय. येळवशीला गॅरेजं बंद असतात, परगावची लेकरं, रस्त्यावर उपाशी बसली असतील म्हणून जिवाला चैन पडेना. बरं झालं, तुमच्या रानाजवळच गाडी बंद पडली. कुठं हाय जीप?

सरांचे हात अजून वरच होते. ते खाली आणायचं त्यांच्या ध्यानात आलं न्हाय.

बोलण्याच्या आवाजानं बिरू उठून बसला. डोळे चोळत म्हणाला, "जीपला काय झालंय?"

"क्लच गेला म्हणं," मिस्त्री म्हणाला.

"कुणाचा? माझा?" बिरूला हसू आलं. "सकाळधरनं लोण्यावानी चालतीया की गाडी."

जैनोद्दीननी जीपकडं बघितलं. मग सरांकडं बघितलं. फार वेळ न्हाय. मग खांद्यावरचा दोर काढून त्याची गुंडाळी करायला लागले. सावकाश, एकेक वेटोळं, जणू तेच काम करायला ते इथवर आले होते. "मग तर बरंच झालं," ते म्हणाले.

तिथंच ते थांबलं असतं तर सर कदाचित निभावून नेते. जीप वाटेत दुरुस्त झाली, असं काहीतरी तिसरं खोटं त्यांच्या जिभेवर आलंही होतं. पण रिजवानला बघून मुकुल पिकातनं धावत आला. हातात तोच पुडा.

"चाचा, दादी कैसी हैं अब?"

रिजवान चपापला. "दादीला काय झालं?"

"सर बोले, रात से बीमार हैं," मुकुल म्हणाला. आणि म्हणतानाच त्याचा आवाज बारीक झाला. पोरगं हुशार होतं. त्यानं रिजवानकडं बघितलं, दोराकडं बघितलं, मिस्त्रीच्या पिशवीकडं बघितलं. मागनं आलेली बाकीची पोरंही उभी राहिली. कुणाच्या हातात उंडा अर्धा खाल्लेला.

सगळ्यांनी मिळून एका माणसाकडं बघावं आणि त्या माणसानं कुठं बघावं हे त्याला कळू नये, असं ते झालं. सर आपल्या चपलेकडं बघत राहिले. चपलेला हरभऱ्याचा पाला चिकटला होता.

जैनोद्दीननी दोराचं शेवटचं टोक खोचलं. मुकुलच्या डोक्यावर हात ठेवला. "बरी हाय बाळ. कोपीत बसलीया. तुमचीच वाट बघतीया."

त्यांच्या जागी दुसरा असता तर चार शब्द बोलला असता. सरांना ते चार शब्द पाहिजे होते. शिवी दिली असती तर ऐकून घेतली असती, माफी मागता आली असती. पण जैनोद्दीननी त्यांना काहीच दिलं न्हाय. उलट आत जाऊन पाच दगडांपुढं हात जोडले, उमादेवीला 'ताई, येळवस मोठी झाली तुमची' म्हणाले. तिला अजून काही ठाऊक नव्हतं. ती पान मांडायला लागली. आलेला माणूस उपाशी कसा जाईल?

"नुसती आंबील द्या ताई," जैनोद्दीन म्हणाले. "जेवणार न्हाय. घरवाली अजून पाण्यावर हाय. पाहुणं जेवल्याबिगर ती घास घेत न्हाय."

उमादेवीचा हात थांबला. तिनं वळून नवऱ्याकडं बघितलं. चाळीस पानं वाढून दमलेली बाई, पण तिला कळायला वेळ लागला न्हाय. तिनं आंबिलीचा गडवा भरून जैनोद्दीनच्या हातात दिला, आणि त्यांनी तो उभ्यानंच, वरनं, एका दमात पिऊन खाली ठेवला.

मुकुल जाऊन टेंपोच्या मागं चढला. मग आसामचं पोरगं. मग बाकीचे. पोटं टम्म भरलेली, चालवत नव्हतं, तरी चढले. रिजवान सगळ्यांत शेवटी चढला. त्यानं सरांकडं न बघता फळी लावून घेतली. सरांना वाटलं, आता जैनोद्दीन म्हणतील, सर, तुमीबी चला. ते बांधावर तसेच उभे राहिले. टेंपो सुरू झाला, वळला, लोहाऱ्याच्या दिशेनं गेला.

उमादेवी येऊन शेजारी उभी राहिली. हातात फडक्यात बांधलेले उंडे, गुलबानोला द्यायला आणलेले, तसेच राहिलेले.

"तुमी गेला न्हाईत ते?"

"बोलावलं न्हाय," सर म्हणाले.

"येळवशीला बोलवावं लागतं व्हय?" ती म्हणाली. आणि कोपीकडं चालायला लागली. दोन पावलं गेल्यावर, वळून न बघता, म्हणाली, "पोरं आपल्यात आणायची हुती तर सांगायचं, आणखी दोन शेर पीठ मळलं असतं. खोटं कशाला शिजवलंत?"

लहानपणी वडिलांचं बोट धरून रस्त्यावर काढलेला, दोन हाळ्यांच्या मधला तो वेळ सरांच्या वाट्याला तिथं बांधावर परत आला. फक्त ह्यावेळी हाळी न येण्याची पाळी त्यांनी स्वतःच स्वतःवर आणली होती. दिवस मावळताना शेजारच्या रानांत रिवाजाप्रमाणं गवताच्या मशाली, म्हणजे हेंडगे पेटले, पोरं ते घेऊन पिकाभोवती धावली. सरांनी आपल्या रानात हेंडगा फिरवला न्हाय.

रिजवान हॉस्टेलला परत आला तेव्हा त्यानं ऑफिसच्या टेबलावर एक डबा ठेवला. सर तिथं नव्हते. म्हणजे त्याला येताना बघून मागच्या दारानं गेले होते. डब्यात भज्जी होती, आंबट, आणि वर फडक्यात उंडे. त्यांनी तो घरी नेला, उमादेवीनं घासून-पुसून, त्यात शेंगाच्या पोळ्या घालून परत दिला. तो परत करायलाही सरांना तोंड नव्हतं. शिपायाच्या हातनं पाठवला.

मेसमध्ये आता टेबलं राहिली नव्हती. म्हणजे लाकडं तीच होती, पण लोहाऱ्याला जाऊन आलेली पोरं रिजवानभोवती बसायची आणि त्यांच्यामागनं इतरही. दादीनं मुकुलला कशी फजित केली, गजक तोंडात घोळवत त्याच्या हिंदीची कशी टर उडवली, ते रोज नव्यानं सांगितलं जायचं. सगळी हसायची. सरांनी ज्यासाठी एवढी खटपट केली होती, ते झालं होतं. ते दाराशी आले की हसू थांबायचं न्हाय, पण जरा खालच्या पट्टीत जायचं. प्राचार्यांनी मीटिंगमध्ये त्यांचं नाव घेऊन कौतुक केलं. टाळ्या वाजल्या. सरांनी खाली मान घातली, ती सगळ्यांना नम्रता वाटली.

एका सुट्टीच्या दिवशी ते लोहाऱ्याच्या एस्टीत बसले. जैनोद्दीनच्या घरी जायचं, दारात उभं राहून सरळ सांगायचं असं ठरवून. लोहाऱ्याच्या स्टँडवर उतरले, कपभर चहा घेतला. ओळखीचं कुणी भेटलं, विचारलं, सर, इकडं कुठं? सर म्हणाले, सहज. आणि त्याच गाडीनं परत आले. वडिलांचा शब्द आपल्या तोंडून आला हे त्यांना गाडीत बसल्यावर उमगलं. वडील तो शब्द हाळीच्या आशेनं वापरायचे.

पुढच्या रविवारी ते मेसच्या मागं उखळापाशी बसले होते. भाजलेल्या शेंगा, लसूण, जिरं, मीठ, तिखट. रविवारची चटणी कुटणं त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. रिजवान कटोरा घेऊन आला. रिकामा झाला होता, गुंडाप्पानं भरून आणायला पाठवलं होतं. दुसरं कुणी नव्हतं. सरांनी मुसळ तसंच धरून ठेवलं.

"रिजवान, जीप बिघडली नव्हती."

"म्हाईत हाय सर."

"दादीबी आजारी नव्हती."

ते तर रिजवानला त्यांच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. सरांना आपलंच वाक्य ऐकून लाज वाटली. मग त्यांनी खरं ते सांगितलं. कुणी फोटो टाकेल, कुणी लिहील, कुणाचा फोन येईल, असं वाटलं म्हणून. कुणी काही म्हणलं नव्हतं. म्यांच म्हणलो, मनातल्या मनात.

"अब्बा म्हणले, सरांला काय इचारू नको. त्येंचं त्येच सांगत्याल," रिजवान म्हणाला. कटोरा तो दोन्ही हातांत फिरवत होता. "पर मला इचारायचं हुतं. मला कुणाला बोलवता येत नव्हतं सर. तुमीच म्हणला, माग. चटणी मागता मागता म्या बोलवायला शिकलो. अम्मीला लई खुशीनं सांगितलं, माझ्या दोस्तांना खिलव म्हणून." तो थांबला. "त्या दिवशी तुमी हाळी घातली ती आमाला वळखून घातली का?"

खरं सांगायचं तर एकच उत्तर होतं.

"न्हाय," सर म्हणाले. "वळखलं असतं तर घातली नसती."

रिजवाननं मान हलवली. त्याला तेच वाटलं होतं, असं त्या मान हलवण्यात होतं. सरांनी म्हणायचं ठरवलेलं, माफ कर, ते त्यांनी म्हणलं. रिजवाननं ते ऐकलं. 'असू द्या' म्हणाला न्हाय, आणि 'जी सर'ही म्हणाला न्हाय. सरांनी विचारलं, जैनोद्दीनभाईंना भेटायला येऊ का? पोरगं कटोरा पुढं धरून उभं राहिलं. मग म्हणालं, मंगळवारी नको, बाजार असतो. दुसऱ्या कवाबी या.

आतनं गुंडाप्पानं हाक मारली, चटणी कुठाय, पोरं ताटावर बसलीत. उखळात शेंगा अर्ध्याच कुटलेल्या होत्या, तेल सुटलं नव्हतं. सरांनी कटोरा शेजारी ठेवून घेतला, रिजवानला सांगितलं, पाठवून देतो, तू जेवायला बस, आणि मुसळ उचलून परत कुटायला लागले.